टाके निघाल्यानंतरचे दुखणे

(न्यू टाउन, कोलकाता येथील रहिवाशांपुढे दिलेले व्याख्यान)



न्यू टाउनमध्ये बोलावयाला उभी राहिले की मला प्रथम येथील रस्ता आठवतो. १९९९ साली हिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि राजारहाटच्या भातशेतांच्या व तळ्यांच्या जागी हे नगर उभे राहू लागले. ते उभे राहण्यापूर्वीच त्याचा मुख्य रस्ता आखला गेला होता. विमानतळाकडून सेक्टर पाचकडे जाणारा तो रुंद, सरळ रस्ता आपण सर्वजण रोज वापरता. जुन्या कोलकात्यात रस्ताच माणसाला हळू चालावयास लावतो. येथे तो तसे करीत नाही. माझा थोरला भाऊ याच रस्त्यावर स्कूटरवरून पडला. हेल्मेट होते, ते हँडलला अडकवलेले होते.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. मेंदूला इजा झालेल्या माणसांची स्मृती, त्यांचे अवधान, त्यांची विचारशक्ती तपासणे हा माझा व्यवसाय. असे असूनही आज मी आपल्यापुढे मुख्यतः एका बहिणीच्या नात्याने बोलणार आहे, कारण या विषयातील सर्वांत मोठी चूक मी केली ती व्यवसायात नव्हे, घरात केली.

दादा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. इमारतींची अंदाजपत्रके तयार करणे हे त्याचे काम. किती विटा, किती सिमेंट, किती लोखंड हे तो कागद न घेता सांगत असे. पाच दिवस तो शुद्धीवर नव्हता. तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा डोक्यावरचे टाके निघाले होते, तो चालत होता, सर्वांना नावाने ओळखत होता. नातेवाईक संदेशचे पुडे घेऊन आले. बौदीने, म्हणजे माझ्या वहिनीने, कालीघाटला जाऊन नवस फेडला. आमच्या लेखी दुखणे संपले होते.

पुढे सहा-सात आठवड्यांनी एका सकाळी तो बाजारात गेला. बंगाली गृहस्थाच्या जीवनात सकाळच्या बाजाराला काय स्थान आहे हे आपणांस सांगावयास नको. मासळी पारखून घेणे, तिचे कल्ले उघडून पाहणे, घासाघीस करणे ही कामे तो दुसऱ्या कोणावर सोपवीत नाही. दादाला चार वस्तू आणावयाच्या होत्या. तो परतला तो दोन निरनिराळ्या कोळ्यांकडून घेतलेला रोहू मासा घेऊन. मोहरीचे तेल नव्हते, बटाटे नव्हते, आणि उरलेल्या पैशांचा हिशेब लागत नव्हता. बौदी हसली. तिच्या मनात काही नव्हते. कोणीही हसले असते. दुसऱ्या दिवसापासून दादाने बाजारात जाणे सोडले. मग वर्तमानपत्र सोडले. मग दाढी करणे सोडले. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी एकदा त्याला म्हणाले, “दादा, तू प्रयत्नच करीत नाहीस.” तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “वाचतो ग मी. पण वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात निघून जाते.”

हे वाक्य मी रुग्णालयात एखाद्या परक्या माणसाकडून ऐकले असते, तर तत्काळ टिपून ठेवले असते. भावाच्या तोंडून ऐकले तेव्हा मला ती सबब वाटली.

या ठिकाणी मेंदूत काय घडते ते थोडक्यात सांगते. मेंदू हा मऊ पदार्थ आहे आणि तो कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगात असलेले डोके एकदम थांबले की कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. तो पुढे जाऊन आदळतो. कवटीचा तळ कपाळामागे आणि कानशिलांच्या आत खडबडीत असतो, म्हणून पुष्कळदा तेथील भागच अधिक खरचटतात. यांपैकी कपाळामागील भाग योजना आखणे, क्रम लावणे, एखादे काम सुरू करणे आणि आवेग आवरणे यांचा कारभार पाहतो. कानशिलांमागील भाग नव्या गोष्टी स्मृतीत साठवण्याचा. शिवाय डोके गरकन फिरल्याने मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले जातात, काही तुटतात. साध्या स्कॅनमध्ये हे तंतू बहुधा दिसत नाहीत. म्हणून “स्कॅन चांगला आहे” या वाक्यावरून “माणूस चांगला आहे” असा निष्कर्ष काढता येत नाही. तंतूंची ही हानी झालेल्या माणसाचा विचार मंद चालतो. तो चुकीचा विचार करतो असे नाही. त्याला वेळ लागतो, आणि एका वेळी दोन गोष्टी पेलत नाहीत. बाजारातल्या कोलाहलात चार वस्तू, तीन भाव आणि एक हिशेब एकत्र सांभाळणे हे त्याच्या दृष्टीने पर्वत चढण्यासारखे असते. त्यात एक विलक्षण थकवा येतो. झोपेने तो पुरता जात नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो.

१९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोन शल्यतज्ज्ञांनी शुद्ध मोजण्याचे एक प्रमाण तयार केले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन तीनपासून पंधरापर्यंत बेरीज करावयाची. जगभरच्या रुग्णालयांत आज ते वापरतात, आणि त्याने असंख्य रुग्णांच्या उपचारांना दिशा दिली आहे. दादाला घरी पाठविले तेव्हा त्याचे गुण पंधरापैकी पंधरा होते. परंतु तो बाजार करू शकेल काय, हा प्रश्न त्या प्रमाणात नाही. आणि असावा अशी अपेक्षाही नाही.

आता थोडे क्रिकेटविषयी बोलते. कोलकात्यात त्याला कोणी विषयांतर म्हणणार नाही. १९६२ सालच्या जानेवारीत ईडन गार्डन्सवर नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला हरविले. पुढे मद्रासलाही आपण जिंकलो आणि इंग्लंडविरुद्धची मालिका प्रथमच आपल्या हाती आली. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा एक चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या कानाच्या वरच्या बाजूस लागला आणि कवटी फुटली. त्या काळी फलंदाज हेल्मेट घालीत नसत. शस्त्रक्रियेसाठी रक्ताची गरज पडली तेव्हा रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर हे खेळाडू होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, आणि पुढे प्रथम दर्जाचे सामनेही खेळले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा कधी खेळावयास मिळाला नाही. वॉरेलच्या त्या रक्तदानाची आठवण म्हणून बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९८१ पासून ३ फेब्रुवारीला रक्तदानाचा उपक्रम चालविला आहे. आपल्यापैकी काहींनी तेथे रक्त दिलेही असेल.

ही कथा मी का सांगितली? रक्त देणे ही गोष्ट आपल्याला समजते. जखम दिसते, बाटली दिसते, देणारा हात दिसतो. पण टाके निघाल्यानंतर माणसाला जे लागते ते बाटलीत मावत नाही, आणि ते मागावयाचे कसे हे त्या माणसालाही ठाऊक नसते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. जखमींची ती संख्या अपघाताच्या वेळची आहे. त्यांतील किती जण पुढे आपल्या पूर्वीच्या कामावर गेले, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.

मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते असे. डोक्याच्या दुखापतीनंतर येणारे नैराश्य पुष्कळदा माणूस सुधारू लागतो तेव्हाच डोके वर काढते. आरंभी मेंदूला स्वतःच्या उणिवांची जाणीवच नसते. दादा रुग्णालयातून सर्वांना सांगत होता की सोमवारी मी कामावर जाणार. त्याला दुःख नव्हते, कारण काय गेले आहे हे कळण्याची शक्तीच तेव्हा जागी झाली नव्हती. पुढे ती जागी झाली, आणि तिने पहिली गोष्ट पाहिली ती ही की आपण आता अंदाजपत्रक करू शकत नाही. घरचे लोक उत्सव करीत असतात, पाहुणे “देवाने वाचवले” म्हणत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो माणूस स्वतःच्या ऱ्हासाचा एकमेव साक्षीदार असतो. त्याने कृतज्ञ असावे अशी सर्वांची अपेक्षा असते. तो खिन्न दिसला की लोक दुखावतात.

हे केवळ जाणिवेमुळे होते असेही समजू नये. मनोवृत्तीचे नियमन करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेलाही इजा पोहोचलेली असते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे अशा ५५९ रुग्णांची वर्षभर पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात १०० पैकी ५३ जणांना तीव्र नैराश्याने गाठले होते, आणि त्यांतील निम्म्याहून कमी लोकांना त्यावर उपचार मिळाले. ही गोष्ट एका संपन्न देशातील आहे.

आम्हा बंगाल्यांजवळ ‘मन खाराप’ हा फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. पाऊस पडला तरी आमचे मन खाराप होते, मोहनबागान हरला तरी होते. हा शब्द आम्ही इतका झिजविला आहे की जेव्हा खरोखर आजार होतो तेव्हाही आम्ही तोच वापरतो, आणि ऐकणारा म्हणतो, जाईल उद्यापर्यंत. ज्या नगरातील विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, जेथे गिरींद्रशेखर बसूंनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली, त्या नगराची ही स्थिती आहे.

या नैराश्याची एक अडचण अशी की ते आणि बुद्धीचे मांद्य परस्परांचे मुखवटे घालून वावरतात. खिन्न माणसाचे लक्ष लागत नाही, त्याला आठवत नाही, तो हळू बोलतो. मेंदूला इजा झालेला माणूसही असाच वागतो. भावनांवरचा ताबा सुटल्याने रुग्ण क्षणात रडतो, पण तो खिन्न असेलच असे नाही. उलट चेहरा निर्विकार असलेला माणूस आत तळाशी गेलेला असू शकतो. काही माणसांत पुढाकार घेण्याची शक्तीच नाहीशी होते. अशा माणसाला हाताला धरून उठविले की तो चालू लागतो, आणि त्याला फारसे दुःखही नसते. खिन्न माणसाच्या बोलण्यात मात्र पुष्कळदा अपराधीपणा आणि निरर्थकता येते: माझा उपयोग नाही, मी ओझे आहे. हा फरक ओळखण्यासाठी तज्ज्ञाची गरज लागते. परंतु त्या तज्ज्ञाला लागणारी माहिती घरचे लोकच देऊ शकतात: झोप कशी आहे, जेवण किती आहे, सकाळी बरा असतो की संध्याकाळी, एकटा असताना काय बोलतो.

दादा एका रात्री बौदीला म्हणाला की मला तेथेच रस्त्यावर राहू दिले असते तर बरे झाले असते. तिने ते कोणालाही सांगितले नाही. अकरा दिवस ती त्याच्या उशाशी जागी राहिली. बाराव्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि मला म्हणाली, “तू एवढी शिकलेली, तुला दिसत नव्हते?” मला दिसत होते. मी त्याला वेगळे नाव दिले होते, एवढेच. भावाचा स्वभाव बिघडला आहे, असे मी माझ्या मनाशी ठरवून टाकले होते.

डेन्मार्कमध्ये सत्तर लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी अभ्यासून २०१८ साली एक निष्कर्ष काढण्यात आला. मेंदूला दुखापत झालेल्या लोकांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. एकूण पाहता अशा घटना विरळाच, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तसे काही होत नाही. तरीही असे उद्गार कानी आले तर अकरा दिवस थांबू नये. सरळ विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने ती कल्पना मनात शिरते हा समज खोटा आहे, उलट विचारल्याने बहुधा माणसाला हायसे वाटते. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे; तिचा क्रमांक १४४१६. बंगालीतही बोलता येते.

दादाच्या बाबतीत पुढे काय झाले? डॉक्टरांनी पहिल्याने औषधांची यादी मागितली. फेफरे येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी काहींमुळे मन उदास होते, चिडचिड वाढते. दादाचे औषध बदलण्यात आले. मग रक्त तपासले. डोक्याच्या आघाताने कधी कधी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला इजा होते, आणि तिच्या आज्ञेत चालणाऱ्या थायरॉइडसारख्या ग्रंथी मंदावतात. तेव्हा माणूस थकलेला, थंड, उदास दिसतो आणि सर्वजण मनाला दोष देतात. दादात तसे काही सापडले नाही, पण ते पाहणे आवश्यक होते. त्यानंतर नैराश्यावरचे औषध सुरू झाले, अगदी अल्प मात्रेत, कारण इजा झालेला मेंदू औषधांना फार संवेदनशील असतो. पहिले तीन आठवडे काहीही फरक दिसला नाही. बौदीने दरम्यान ब्राह्मीचे तेल, बदाम आणि कोणी तरी सांगितलेले एक ‘ब्रेन टॉनिक’ आणून ठेवले होते. तेल आणि बदाम मी राहू दिले.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सुंदर केली. त्यांनी तासाचे बोलणे वीस मिनिटांवर आणले आणि प्रत्येक वेळी शेवटी दोन ओळी त्याच्या वहीत त्यालाच लिहावयास लावल्या. नाही तर जिना उतरेपर्यंत बोलणे विरून जात असे. वही ही त्याची बाहेरची स्मृती झाली. किल्ल्या एकाच खिळ्याला. औषधे दिवसांच्या डबीत. बोलताना दूरदर्शन बंद. सकाळी एक काम, मग विश्रांती, मग दुसरे. थकल्यावर विश्रांती घेण्याऐवजी थकण्यापूर्वी घ्यावयाची, ही साधी युक्ती आम्हाला फार उशिरा कळली. आणि रोज थोडे चालणे, मन नसतानाही. कारण मन होण्याची वाट पाहात बसलेल्या खिन्न माणसाला ते क्वचितच होते.

चालण्यासाठी तो येथेच येत असे, कारण आम्ही तोवर न्यू टाउनमध्ये राहावयास आलो होतो. या नगराचे रुंद पदपथ, सायकलींचे वेगळे मार्ग, इको पार्कचे पाणी यांचे ऋण मी मान्य करते. श्यामबाजारच्या गर्दीत तो चालू शकला नसता. परंतु एक तक्रारही नोंदविते. येथील विभागांना अक्षरे आहेत, मनोरे एकसारखे आहेत, आणि एका जिन्यावरचे लोक एकमेकांना ओळखत नाहीत. दोनदा तो शेजारच्या मनोऱ्यात, त्याच मजल्यावर, परक्या दाराला किल्ली लावीत उभा होता. जुन्या पाड्यात ओट्यावर बसलेल्या कोणी तरी त्याला हाक मारून घरी पोहोचविले असते. येथे पहारेकऱ्याला बोलावण्यात आले. त्या दिवसानंतर बौदीने आमच्या दाराला निळा रंग दिला. व्यवस्थापन समितीने हरकत घेतली, मग कारण ऐकल्यावर ती मागे घेतली, त्यांचे आभार.

अंदाजपत्रकांचे काम त्याला पुन्हा जमले नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण अशा व्याख्यानांत रुग्ण शेवटी पूर्ववत होतो असे दाखविण्याची रीत आहे. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक वेगाने होते, पुढे वर्षानुवर्षे मंद गतीने होत राहते, आणि काही उणिवा कायमच्या राहतात. नैराश्य मात्र पुष्कळांच्या बाबतीत उतरते. ते उतरले की उरलेली बुद्धी वापरता येते. म्हणूनच “आधी स्मरणशक्ती सुधारू दे, मग मनाचे पाहू” हा क्रम मला मान्य नाही. दादाची स्मृती चाचणीत फारशी वाढली नाही. पण खिन्नता ओसरल्यावर तो वही उघडू लागला, आणि वही उघडणाऱ्या माणसाला स्मृती कमी असली तरी चालते. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांची नोंदवही तो ठेवतो. रोज दोनदा पातळी पाहावयाची, आकडा लिहावयाचा. त्या वहीत खाडाखोड नाही.

१९४३ साली स्मोलेन्स्कच्या बाजूस लढताना झासेत्स्की नावाच्या तेवीस वर्षांच्या रशियन सैनिकाच्या मेंदूत गोळीचा तुकडा घुसला. लूरिया या विख्यात मानसशास्त्रज्ञाने पुढे अनेक वर्षे त्याची पाहणी केली आणि त्याच्यावर एक पुस्तक लिहिले. झासेत्स्कीला वाचता येईनासे झाले होते, शब्द सापडत नव्हते, स्वतःच्या शरीराचा उजवा भाग कोठे आहे हे कळत नव्हते. परंतु अक्षरांचा विचार न करता हात चालू दिला तर लिहिता येते, असे एक दिवस आढळून आले. तो पंचवीस वर्षे लिहीत राहिला. सुमारे तीन हजार पाने झाली. स्वतः लिहिलेले वाचणे त्याला अतिशय कष्टाचे होते. मी हे दादाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, “मग तो लिहीत कशासाठी होता?” मला उत्तर देता आले नाही. त्याने ते नाव मात्र वहीत लिहून घेतले.

माझी वेळ संपत आली आहे. आता आपण प्रश्न विचारावेत. एक विनंती आहे. आज या सभागृहात असे काही श्रोते आहेत की ज्यांना एका वेळी दोन आवाज सहन होत नाहीत आणि ज्यांना वाक्य जुळवावयास वेळ लागतो. तेव्हा एका वेळी एकानेच बोलावे, आणि कोणी मध्येच थांबला तर त्याचे वाक्य दुसऱ्याने पुरे करू नये. डाव्या बाजूची खोली मोकळी ठेवली आहे. तेथील दिवे मंद आहेत. ज्यांना थकवा आला असेल त्यांनी तेथे जाऊन बसावे. प्रश्न कागदावर लिहून दिले तरी चालतील.